पट्टीखालचा पियानो

पियानोची पट्टी दाबली की नमद्याची हातोडी तारेवर आदळते. पेडल दाबलेलं असेल, तर न छेडलेल्या ताराही गुणगुणतात. आपल्या सतारीच्या तरफा आठवा! संगणकातला पियानो हे ध्वनिमुद्रित नमुन्यांतून साधतो, किंवा २००६ साली आलेल्या फ्रेंच ‘पियानोटेक’सारखा तारांचं गणित त्या क्षणी सोडवून. मला ही दुसरी वाट अधिक जिवंत वाटते. पण बोटांना भेटतो तो कीबोर्डच. कीबोर्डवरचं वादन संगणकाला कळवणाऱ्या १९८३ च्या मिडी मानकात आघाताच्या वेगाला १ ते १२७ एवढ्याच पायऱ्या आहेत. शिवाय आवाज सेकंदाच्या शंभराव्या भागाहून बराच उशिरा आला, तर हात अडखळतो. म्हणून सॉफ्टवेअर निवडण्याआधी वजनदार ८८ पट्ट्यांचा कीबोर्ड स्वतः वाजवून पाहा.