स्वस्त बालवाडीची किंमत कोण मोजतो?

चांगली बालवाडी महागच असते काय? नाशिकमध्ये याचे उत्तर वस्तीगणिक बदलते. कॉलेज रोडवरचा पालक भरमसाट फी भरून ‘नर्सरी’ विकत घेतो. सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीतले मूल अंगणवाडीत बसते. आणि सुरगाणा-पेठहून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला आलेल्या आदिवासी आईचे मूल बांधावर असते. ‘गुणवत्ता’ हा शब्दच त्याच्या वाट्याला येत नाही.

बालशिक्षणाचा खर्च दोन प्रकारचा असतो: साधनांचा आणि माणसांचा. पहिला कमी करता येतो, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत दाखवून दिले. माँटेसरीची महाग साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, गोटे, बिया, पाने यांतून साधने उभी केली. दलित वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. साधन स्वस्त झाले, पण शिक्षण हलके झाले नाही; कारण त्यामागे जाणती, मुलांत रमणारी माणसे होती.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिने ‘अंगणवाडी’ हा शब्द उचलला, मात्र साधनांतली काटकसर माणसांवर लादली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य-पोषण शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण, एवढा भार वाहणारी सेविका नोकरदार नव्हे, ‘मानधनी’ ठरली. २०१८ मध्ये केंद्राने ठरवलेले मानधन महिना ४,५०० रुपये होते. राज्ये त्यात आपली भर घालतात. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळायला २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविका-मदतनिसांना बेमुदत संप करावा लागला.

माणसांवरचा खर्च वाया जातो काय? अमेरिकेत मिशिगन राज्यातील यिप्सिलांटी येथे १९६२ ते १९६७ या काळात १२३ गरीब कृष्णवर्णीय मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्याजवळ मुलांना उत्तम बालवाडी मिळाली: पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षक, शिवाय दर आठवड्याला घरभेट. उरलेल्यांना ती मिळाली नाही. वयाच्या चाळिशीपर्यंत या सर्वांचा मागोवा घेतला गेला. बालवाडीत गेलेल्यांचे शिक्षण व कमाई अधिक, तुरुंगवास कमी, असे आढळले. खर्च मोठा होता. समाजाला परत मिळाले ते त्याहून कितीतरी मोठे होते.

म्हणून स्वस्त बालवाडी मुळात स्वस्त नसतेच. उरलेली रक्कम सेविका आपल्या श्रमातून भरते, धाकट्याला सांभाळायला घरी राहिलेली थोरली बहीण आपल्या शाळेतून भरते, आणि पहिलीतच मागे पडलेले मूल आयुष्यभर भरते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षापासून हक्क देतो. विषमता त्याआधीच पक्की झालेली असते.

नव्या अंगणवाड्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अग्रक्रम द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा आदेश आहे. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीत जाऊन पाहावे: अंगणवाडी आहे काय? एका सेविकेमागे मुले किती? मजूर आईच्या कामाच्या वेळेत ती उघडी असते काय? गुणवत्तेची चर्चा या प्रश्नांपासून सुरू झाली पाहिजे.