बोडी कोणत्या पाण्याने भरावी?

मागच्या वर्षीच्या मे महिन्यात बोअरची गाडी आमच्या बांधीत उभी होती. नागभीड तालुक्यात आमची वडिलोपार्जित थोडी धानाची जमीन आहे. थोरले भाईजान ती कसतात, आम्ही बाकीची भावंडे नोकरीनिमित्त चंद्रपुरात राहतो. त्या दिवशी सगळे जमलो होतो, कारण खर्च सगळ्यांच्या खिशातून जाणार होता. १८० फुटांपर्यंत गाडीने नुसती पांढरी भुकटी वर फेकली. फुटाप्रमाणे पैसे मोजले ते मोजलेच. पाणी लागो वा न लागो, गाडीवाल्याचा हिशोब तोच असतो.

मग पाणाड्याने तळहातावर नारळ धरून दुसरी जागा दाखवली. ती शेजारच्या म्हाताऱ्या काकूंच्या विहिरीपासून जेमतेम पन्नास पावलांवर होती. काकू धुऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. भांडल्या नाहीत. एवढेच विचारले, "बाबू, माझ्या विहिरीचं काय होईल?" त्यांच्या घरचे पिण्याचे पाणी त्याच विहिरीचे. भाईजान काही बोलले नाहीत. अब्बांनी गाडीवाल्याला सांगितले, "आज राहू द्या."

त्या रात्री आम्ही अंगणात कागद-पेन घेऊन बसलो. खरे तर हे काम आधीच करायला हवे होते.

बोअर हवी कशाला होती? हिवाळ्यात आम्ही २० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असे शेततळे खोदून घेतले होते. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आल्यापासून हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. आमच्याकडे भारी धान असतो. तो निसवायला लागला की नेमका पाऊस दडी मारतो आणि एका पाण्यावाचून लोंबी पोचट राहते. भाईजानांनी नाशिक, जालन्याकडची प्लास्टिक अंथरलेली, काठोकाठ भरलेली निळी तळी पाहिली होती. तसेच तळे करायचे, बोअर मारायची आणि ते भरून ठेवायचे, असा बेत ठरला होता.

आता हिशोब पाहा. तिरप्या काठांमुळे या मापाच्या तळ्यात ८७६ घनमीटर, म्हणजे पावणेनऊ लाख लिटर पाणी मावते. तासाला ५,००० लिटर देणारी बोअर लागली, आणि आमच्या भागात तेवढी लागली तर नशीब म्हणायचे, तरी दिवसाला आठ तास वीज धरून तळे भरायला बावीस दिवस लागतील. शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीची असते. नागभीड-ब्रह्मपुरीच्या जंगलाला लागून असलेल्या शेतात रात्री मोटार सुरू करायला जाणे म्हणजे काय, हे वाघाच्या बातम्या वाचणाऱ्यांना सांगायला नको. अम्मीचा या बेताला पहिला विरोध त्याच कारणाने होता.

भरलेले पाणी तसेच राहते असेही नाही. कडक उन्हाळ्यात उघड्या पाण्यातून दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी सहज उडते. ४०० चौरस मीटरच्या तळ्यावर हे रोजचे सुमारे तीन हजार लिटर होते. जमिनीखाली सावलीत असलेले पाणी वीज जाळून वर आणायचे आणि उन्हात ठेवायचे, असा हा व्यवहार. द्राक्षबागेला उन्हाळ्यात हुकमी पाणी लागते म्हणून तिकडचा शेतकरी हा तोटा सोसतो. त्यावरही अभ्यासकांनी टीका केली आहे, कारण एकाचे तळे भरते तेव्हा शेजारच्या विहिरी उतरतात. आम्हाला तर पाणी ऑक्टोबरात हवे होते, मेमध्ये नव्हे!

मग धाकट्याने पावसाचा हिशोब मांडला. आमच्याकडे वर्षाला सरासरी १,२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, गडचिरोलीत त्याहूनही जास्त. म्हणजे तळ्याच्या तोंडावरच पावसाळाभरात पावणेपाच लाख लिटर पाणी कोसळते. अर्धे तळे तिथेच आले. तळ्याच्या वरच्या अंगाला एक एकर जमीन धरली, तर तिच्यावर ४८ लाख लिटर पाणी पडते. त्याचा पाचवा हिस्सा जरी वाहून तळ्यात आला तरी ते काठोकाठ भरते. आमच्या तळ्याच्या वर तर तीन एकर पडीत आणि त्यापलीकडे झुडपी जंगल आहे. ते पाणी आजवर नाल्याने निघून जात होते. तळे खोदताना निघालेली माती चारी बाजूंनी लावून आम्हीच ते अडवले होते. बाहेरचे पाणी आत येऊ नये म्हणून! प्लास्टिकच्या तळ्यात गाळ नको असतो, म्हणून तसे करतात. आम्ही नकाशा तिकडचा उचलला आणि पाऊस इकडचा होता.

अब्बा हे सगळे ऐकून म्हणाले, "तुम्ही ज्याला शेततळं म्हणता, त्याला आमच्या वेळी बोडी म्हणायचे. बोडीला बोअर लावलेली मी पाहिली नाही."

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा तलावांचा मुलूख. हजारो मालगुजारी तलाव, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात, आणि त्याहून लहान, शेतकऱ्याच्या स्वतःच्या बांधीतल्या बोड्या. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन मिळे, असे जुनी माणसे सांगतात. चंद्रपूर शहरातला रामाळा तलावही त्याच काळातला. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारच्या ताब्यात गेले आणि गाळ काढणारे हात कमी झाले. बोड्या तर कित्येकांनी बुजवून बांधीत मिळवल्या. आमच्या शेतातही एक होती म्हणे. कुठे होती हे अब्बांना नीट आठवत नाही.

आमच्या तालुक्यात जमिनीखाली मुख्यतः जुना कठीण खडक आहे. गडचिरोलीतही बराचसा तसाच. त्यात पाणी असते ते वरच्या कुजलेल्या मुरमात आणि खालच्या भेगांत. भेग सापडली तर पाणी, नाही तर भुकटी. आणि भेग सापडली, तर तीच भेग शेजारच्या विहिरीलाही पाणी देत असू शकते. काकूंचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता.

हा प्रश्न आपल्या शरीअतनेही फार पूर्वी ओळखला आहे. विहिरीभोवतीच्या राखीव जागेला फिक्हमध्ये 'हरीम' म्हणतात. जनावरांना पाणी पाजण्याच्या विहिरीसाठी ती चाळीस हात सांगितली आहे, त्या हद्दीत दुसऱ्याने विहीर खणू नये. ते माप हाताने खणलेल्या विहिरीचे. पाणबुडी मोटारीचा हात किती लांब पोचतो, याचा विचार आपणच करायचा. सरकारी नियमात सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंधन आहे, आणि २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना वेगळ्या, कडक नजरेने पाहिले आहे. काकूंची विहीर खासगी, म्हणून ५०० मीटरचा नियम तिला लागत नव्हता. पण पाणी हे सर्वांच्या भागीदारीचे आहे, ही पैगंबर (स.) यांची शिकवण लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला नियमातली फट दाखवून धुऱ्यावर उभ्या असलेल्या बाईसमोरून जाता येत नाही. हजरत उस्मान (रजि.) यांनी मदीनेतली रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. अब्बांनी त्या रात्री ती सांगितली नाही. सांगायची गरज नव्हती.

जाता जाता उश्रची गोष्ट. पावसावर पिकलेल्या धान्यात दहावा हिस्सा आणि कष्टाने पाणी काढून पिकवलेल्यात विसावा, हा फरक आपल्याला माहीत असतो. पावसाने भरलेल्या बोडीतून इंजिन लावून एक-दोन पाणी दिले तर काय, यावर आमच्या घरी आठवडाभर चर्चा चालली. पीक मुख्यतः कोणत्या पाण्यावर वाढले ते पाहावे, असे मौलाना साहेबांनी सांगितले. भाईजानांनी दहावा धरला.

जूनच्या आधी आम्ही वरच्या बाजूची पाळ फोडून पाणी आत येण्याची वाट केली, तिच्या तोंडाशी गाळ थांबायला एक खड्डा घेतला आणि खालच्या बाजूला दगडी सांडवा बांधला. सांडवा नसेल तर एका रात्रीच्या पावसात पाळ वाहून जाते. प्लास्टिक घेतले नाही. आमची माती चिकण आहे, तिथे थोडे झिरपले तरी चालते. मुरमाड जमीन असेल तर हे जमणार नाही, हेही खरे. प्लास्टिकच्या गुळगुळीत उतारावरून तळ्यात पडलेले मूल किंवा हरीण वर चढू शकत नाही. ज्यांची तळी तशी आहेत त्यांनी कुंपण घालावे, चारी काठांना गाठी मारलेले दोर सोडावेत, आणि हे आजच करावे.

बोअर वाईट, असे आमचे म्हणणे नाही. पिण्यासाठी, भाजीच्या वाफ्यासाठी ती लागते. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा सल्ला घेऊन, शेजाऱ्याची विहीर पाहून ती घ्यावी. पाणी लागले तर पिण्याआधी तपासून घ्यावे, चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे.

बोडी ऑगस्टच्या अखेरीस भरली. एक एकराला दोन इंच पाणी द्यायचे तर दोन लाख लिटर लागतात. ऑक्टोबरात भाईजानांनी दोन एकरांना एकेक पाणी दिले. बाकीच्या बांध्यांना पुरले नाही आणि तिथला धान हलका निघाला. फेब्रुवारीत बोडीच्या तळाशी चिखल उरला होता. काकूंच्या विहिरीला यंदा मेपर्यंत पाणी होते. तो बोडीचा झिरपा की गेल्या वर्षीचा चांगला पाऊस, हे आम्हाला सांगता येणार नाही.

कोरड्या बोअरचे तोंड मात्र वर्षभर एका गोणपाटाने झाकलेले होते. अशा उघड्या बोअरमध्ये मुले पडतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच त्या बुजवण्याबद्दल आदेश दिले आहेत. ईदला सगळी पोरे गावी जमणार, म्हणून आदल्या रविवारी आम्ही ती तळापासून माती-मुरूम टाकून भरली आणि वर सिमेंटची फरशी बसवली.