जुनी टोकने: आधी क्रमांक, मग किंमत

सरकारी टांकसाळीने नव्हे, तर एखाद्या दुकानदाराने, खाणमालकाने किंवा कारखानदाराने स्वतःच्या नावावर पाडून घेतलेले नाणे म्हणजे व्यापारी टोकन. ब्रिटनमध्ये अशी टोकने तीनदा मोठ्या प्रमाणावर निघाली: 1648 ते 1672 या काळात, मग 1787 पासूनच्या दशकात आणि शेवटी 1811 नंतरच्या काही वर्षांत. तिन्ही वेळा मूळ दुखणे एकच होते. बाजारात सुट्ट्या पैशांची चणचण होती आणि सरकार तिकडे लक्ष देत नव्हते. ही टोकने आज जगभरचे संग्राहक जमवतात. त्यांच्यासाठी लिहिलेल्या सूचीग्रंथांची परंपराही सव्वादोनशे वर्षांची आहे. नवख्या संग्राहकाला मात्र कोणता ग्रंथ कशासाठी उघडायचा हेच कळत नाही, आणि तिथेच पैसे वाया जातात.

अठराव्या शतकातल्या टोकनांचे उदाहरण घेणे सोयीचे, कारण त्यांची नोंद फार काटेकोर झाली आहे. लंडनच्या शाही टांकसाळीने 1775 नंतर वीसेक वर्षे देशासाठी तांब्याची नाणी पाडलीच नाहीत. कारखाने वाढत होते, मजुरांचा पगार चुकवायला चिल्लर मिळत नव्हती आणि खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला होता. 1787 मध्ये वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या पॅरिस माइन कंपनीने स्वतःच्या तांब्याची पेनी काढली. तिच्या एका बाजूला ओकच्या पानांच्या वेढ्यात, डोक्यावरून वस्त्र घेतलेला दाढीवाला ड्रुइड पुरोहित आहे. दुसऱ्या बाजूला कंपनीची गुंफलेली आद्याक्षरे आणि धारकाला एक पेनी देण्याचे वचन आहे. हे वचन कुठे पाळले जाईल ते कडेवर कोरले आहे: लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसी येथे, मागताक्षणी. लोकांनी ही पेनी विश्वासाने घेतली. पाठोपाठ लोखंडाचे कारखानदार जॉन विल्किन्सन यांनी आपले टोकन काढले आणि मग शेकडो व्यापाऱ्यांनी तोच मार्ग धरला.

यातली बरीच टोकने बर्मिंगहॅममध्ये पाडली गेली. तिथल्या सोहो टांकसाळीचे मालक मॅथ्यू बोल्टन यांनी वाफेच्या जोरावर नाणी पाडण्याचे तंत्र पक्के केले. पॅरिस माइन आणि विल्किन्सन या दोघांचीही टोकने पुढे त्यांच्याकडे पाडली जाऊ लागली. तराजूचे चित्र आणि अरबी लिपीत ‘अदल’ हा शब्द असलेली मुंबई इलाख्याची 1791 आणि 1794 ची तांब्याची नाणी याच सोहोतून आलेली आहेत. जुन्या नाण्यांच्या मराठी शौकिनांनी ती हाताळली असतील, पण त्यांचे हे बिलायती सोयरे बहुधा पाहिलेले नसतात.

टोकने जमवण्याचे वेड ती चलनात असतानाच सुरू झाले. इप्सविचचे जेम्स काँडर यांची सूची 1798 मध्ये निघाली, म्हणून या टोकनांना आजही ‘काँडर टोकन’ म्हणतात. 1892 मध्ये जेम्स अ‍ॅटकिन्स यांची सूची आली. पण संग्राहकांची खरी मदार आहे ती डाल्टन आणि हॅमर यांच्या ग्रंथावर. तो 1910 ते 1918 या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाला आणि नंतर त्याची पुनर्मुद्रणेही निघाली. यात टोकने परगण्यांनुसार लावली आहेत आणि प्रत्येक परगण्याचे क्रमांक एकपासून सुरू होतात. म्हणून नुसता क्रमांक सांगून भागत नाही, परगण्याचे नावही सांगावे लागते. कडेवरचा मजकूर किंवा ठशातला बारीकसा फरक यांनीही क्रमांक बदलतो. ड्रुइडच्या पेनीचे प्रकार ओळखताना तर भिंग लावून वेढ्यातली ओकफळे मोजावी लागतात. हे काम कंटाळवाणे वाटले, तरी ते टाळू नये. सामान्य आणि दुर्मिळ प्रकार दिसायला जवळपास सारखे असतात.

सूची टोकन ओळखून देते, त्यामागची गोष्ट सांगत नाही. ती आर. सी. बेल यांच्या पुस्तकांत मिळते. पेशाने शल्यविशारद असलेल्या बेल यांनी 1960 च्या दशकात अनेक टोकनांमागच्या व्यापाऱ्यांचा आणि धंद्यांचा माग काढला. डेव्हिड डाइक्स यांचा 2011 चा ग्रंथ या चलनाचा इतिहास साक्षेपाने मांडतो. सतराव्या शतकासाठी जी. सी. विल्यमसन यांची 1889 ते 1891 मध्ये निघालेली सूची आणि मायकेल डिकिन्सन यांचे 1986 चे पुस्तक लागते. एकोणिसाव्या शतकासाठी डब्ल्यू. जे. डेव्हिस यांची 1904 ची सूची आणि पॉल व बेंटे विदर्स यांचा 1999 चा ग्रंथ आहे. स्वामित्वहक्क संपलेले बरेच जुने ग्रंथ इंटरनेट अर्काइव्हवर आणि न्यूमन न्युमिस्मॅटिक पोर्टलवर फुकट वाचता येतात. त्यामुळे सुरुवातीलाच महागड्या प्रती घेण्याचे कारण नाही.

किंमत ठरवताना सर्वांत जास्त गफलत होते ती दुर्मिळतेच्या खुणांमुळे. डाल्टन-हॅमर यांनी ‘दुर्मिळ’, ‘अतिदुर्मिळ’ अशा खुणा दिल्या आहेत, पण त्या शंभर वर्षांपूर्वीच्या माहितीवर बेतलेल्या आहेत. शिवाय 1790 च्या दशकात काही विक्रेते संग्राहकांच्या खिशावर डोळा ठेवून निरनिराळ्या टोकनांचे ठसे उलटसुलट जोडत आणि मुद्दाम ‘दुर्मिळ’ प्रकार तयार करीत. टॉमस स्पेन्स या जहाल लेखक-पुस्तकविक्रेत्याने अशी कितीतरी जोडटोकने विकली. संख्येने थोडे असलेले असे जोडटोकन कुणालाच नको असेल, तर ते स्वस्तात जाते. उलट घोड्यावर बसलेल्या लेडी गोडायव्हाचे कॉव्हेंट्रीचे अर्धपेनी टोकन सहज मिळते, तरी चित्र देखणे असल्यामुळे त्याला गिऱ्हाईक कधी कमी पडत नाही.

छापील दरपत्रके लवकर शिळी होतात. भाव पाहायचा तो लिलावांच्या नोंदींत, आणि सूचीतला क्रमांक हाताशी असला की त्या शोधणे सोपे जाते. स्पिंक, नूनन्स यांसारख्या लंडनच्या लिलावगृहांचे जुने निकाल छायाचित्रांसह संकेतस्थळांवर उपलब्ध आहेत. एकच निकाल पाहून भाव ठरवू नये. त्याच क्रमांकाचे, तशाच अवस्थेतले चार-पाच नग शोधून ताडून पाहावेत. निकालात हातोडा पडला तेव्हाची बोली दिली आहे की खरेदीदाराकडून वर घेतले जाणारे शुल्क धरून रक्कम दिली आहे, हेही तपासावे. हे शुल्क बोलीच्या पाचव्या हिश्शाएवढे किंवा त्याहून जास्त असू शकते.

अवस्था पारखताना आधी उठावाचे सर्वांत उंच भाग पाहतात: केस, गाल, पानांच्या शिरा. झीज तिथूनच सुरू होते. तांब्याची मूळ लालसर झळाळी थोडी जरी टिकली असेल, तरी किंमत बरीच वाढते. चिंचेने किंवा पितांबरीने घासून लखलखीत केलेले तांबे मात्र जाणकार लगेच ओळखतो आणि अशा टोकनाला कमी पैसे देतो, कारण गेलेला पृष्ठभाग परत येत नाही.

भारतीय टोकनांच्या बाबतीत वाट इतकी मळलेली नाही. रामटंक्यांसारख्या धार्मिक टोकनांसाठी अर्विन ब्रॉटमन यांची 1970 ची मार्गदर्शिका आणि मायकेल मिचिनर यांचा 1998 चा ग्रंथ हे दोन मुख्य आधार आहेत. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था आहे. महाराष्ट्रातल्या अभ्यासकाला नाण्यांविषयीचे ग्रंथ शोधायचे असतील, तर तिथून सुरुवात करता येते.