जुनी गाडी, जाणती खरेदी (भाग 6) : आधी पत्रा, मग इंजिन

स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस विकायला आहे असं कळलं, की बघायला गेलेला माणूस पहिल्यांदा बोनेट उघडायला सांगतो. त्यात नवल नाही. 2004 साली ही गाडी भारतात आली, तेव्हा पेट्रोल इंजिनाला टर्बो ही इथल्या रस्त्यांवर जवळजवळ न पाहिलेली गोष्ट होती. 1.8 लिटरचं इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह आणि 150 अश्वशक्ती. जुळणी शेंद्र्याची, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या कारखान्यातली. त्या पहिल्या गाड्यांना आता वीस वर्षं उलटून गेली, तरी एखादी नीट राखलेली आरएस कोणत्या गावात उभी आहे याची खबर शौकीन मंडळी ठेवून असतात.

गेल्या आठवड्यात आरसी, कर्जाची नोंद आणि सर्व्हिसचे कागद कसे वाचायचे ते पाहिलं. या भागात प्रत्यक्ष गाडीला हात घालायचा आहे, आणि तो बोनेटपासून घालायचा नाही. इंजिन उतरवता येतं, बांधता येतं, वेळ आलीच तर दुसरं बसवता येतं. टर्बोही बदलता येतो. पण आजच्या मोटारीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. पत्र्याचे भाग एकमेकांना वेल्ड करून जो सांगाडा तयार होतो, तोच तिचा कणा. दीडशे घोड्यांचा जोर, वळणावरचा ताण, जोरात दाबलेला ब्रेक हे सगळं शेवटी त्या पत्र्यावर येतं. तो आतून खाल्लेला असेल तर वरचं उत्तम इंजिन काही कामाचं नाही.

गंजाचा स्वभाव आधी समजून घेतला तर तो शोधणं सोपं जातं. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज सुरू होतो. पाण्यात मीठ असेल तर त्याचा वेग फार वाढतो, कारण खारट पाण्यातून ही विद्युत-रासायनिक क्रिया सहज चालते. म्हणून रत्नागिरी, अलिबाग किंवा मुंबईत समुद्रासमोर उघड्यावर वाढलेली गाडी आणि सोलापुरात वाढलेली तीच गाडी, दोघींचं वय सारखं असलं तरी पत्र्याचं वय सारखं नसतं. दुसरी गोष्ट अशी, की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. तो आत फुगतो आणि रंगाला खालून वर ढकलतो. दाराच्या खालच्या काठावर नखाएवढा फोड दिसतो, तेव्हा बहुतेक वेळा पत्रा आतल्या बाजूने आधीच खाल्लेला असतो. विकणारा म्हणतो, ‘थोडा टचअप करून घ्या.’ त्या फोडावर स्क्रूड्रायव्हरचा दांडा हलकेच ठोकून पाहावा. शाबूत पत्रा टणत्कार करतो, सडलेला भदभद वाजतो.

ऑक्टाव्हियाच्या बाबतीत इथे एक बारकावा आहे आणि तो फार उपयोगी पडतो. ही गाडी फोक्सवॅगन गॉल्फच्या चौथ्या पिढीच्या बांधणीवर उभी आहे आणि या कुळाच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. त्यामुळे या गाड्या सहसा वाटेल तिथे गंजत नाहीत. मग एखाद्या आरएसच्या मागच्या कोपऱ्यात किंवा पिलरच्या मुळाशी गंज दिसला तर पहिला संशय हवामानावर घ्यायचा नाही. तिथे ग्राइंडर फिरला असावा. अपघातानंतर पत्रा ओढून, कापून, वेल्ड करून सरळ केला की त्या जागेवरचं जस्त जळून किंवा घासून जातं, आणि दोन-तीन पावसाळ्यांत गंज नेमका तिथेच उगवतो. जस्ताच्या गाडीवरचा अवेळी गंज म्हणजे जुन्या अपघाताची खूण समजावी. याला अपवाद समोरच्या मडगार्डचा. या बांधणीत मडगार्डच्या आत आवाज अडवायला फोमचा तुकडा भरलेला असतो. तो स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो, आणि अपघात न होताही चाकाच्या कमानीवर फोड येतात. मडगार्ड बोल्टने बसलेला असतो, बदलता येतो. घाबरायचं ते वेल्ड केलेल्या भागाला.

होंडाचं गणित निराळं. 2003 पर्यंत विकलेली पहिल्या पिढीची होंडा सिटी, त्यातही 1.5 व्हीटेक, आजही वेगाच्या चाहत्यांना हवीहवीशी वाटते. हलकी गाडी आणि 106 अश्वशक्ती हा जोड फार गोड होता. पण त्या काळच्या होंडा सिव्हिकचा मागच्या चाकाच्या कमानीतला गंज जगभर ओळखीचा आहे, आणि सिटी तिचीच नातेवाईक. कमानीच्या आत बोट घालून काठ चाचपावा. काठ धारदार आणि सरळ लागला तर ठीक, जाड आणि गुळगुळीत लागला तर आत लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे.

लांबी ओळखायला रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र मिळतं. या सगळ्या खटाटोपात पैसे टाकावेत अशी पहिली वस्तू तीच. कारखान्यातला रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉनच्या आसपास असतो. पुन्हा रंगवलेल्या भागावर आकडा दोनशे-तीनशेच्या घरात जातो. हजार दिसला तर रंगाखाली मिलिमीटरभर लांबी आहे. दरवाजा रंगवलेला असणं हा गुन्हा नव्हे. पुण्यामुंबईच्या रहदारीत वीस वर्षं एकही ओरखडा न पडलेली गाडी मिळणंच कठीण. छप्पर, पिलर आणि दाराच्या चौकटीवरचा आकडा मात्र चढा असता कामा नये. तिथे रंगकाम करायला सहसा मोठं कारण घडलेलं असतं.

यंत्र नसेल तर डोळे पुरतात. दाराच्या कडेचं रबर ओढून काढावं. खाली कारखान्याच्या स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके एकसारख्या अंतरावर दिसायला हवेत. ठिपके नाहीसे झाले असतील, किंवा त्यांच्या जागी वेल्डिंगची वेडीवाकडी शिवण असेल, तर ती बाजू कधीतरी उघडली गेली आहे. बोनेटच्या बिजागरीचे बोल्ट पाहावेत, बोनेट कधी काढलं असेल तर त्यांच्या रंगावर पाना लागल्याची खूण असते. सगळ्या काचांवरचे बनावटीचे शिक्के जुळतात का ते पाहावं. डिकीतली चटई उचलून स्टेपनी बाहेर काढावी. तो खड्डा गाडीतली सगळ्यात खोल जागा. मागून ठोकर बसली तर आधी तिथे सुरकुती पडते आणि डिकीचं रबर गळत असेल तर पाणीही तिथेच साचतं. बॅटरीखालचा पत्रा आणि शॉकॲब्सॉर्बरचं वरचं टोक जिथे बसतं तो भाग, गॅरेजमध्ये ज्याला ॲप्रन म्हणतात, तोही विसरू नये. ॲप्रन सडला असेल तर पुढे काही बघायची गरज नाही.

हे सगळं वरून दिसतं. खरी परीक्षा खालून. गाडी लिफ्टवर चढवून दाराखालचे पोकळ सिल, पाणी निघायची भोकं, मागच्या ॲक्सलच्या जोडण्या आणि ब्रेकचे धातूचे पाइप बॅटरीच्या उजेडात बघावे लागतात. गाडी वीस वर्षांची आणि खालून कोळशासारखी नवी काळी चकचकीत, तर ते अंडरकोटिंग कधी मारलं आणि त्याखाली काय झाकलं, हे विचारायलाच हवं.

जुन्या गाड्यांवर महाराष्ट्रात आणखी एक सावली असते, ती पुराची. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर, 2021 मध्ये चिपळूण. त्या गाड्यांतल्या कितीतरी धुवून, वाळवून, अत्तर मारून पुन्हा बाजारात उतरतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढावा. जो भाग एरवी गुंडाळीतून बाहेर येतच नाही त्यावर चिखलाची रेघ असेल तर पाणी तिथवर चढलं होतं. सीटखालच्या बोल्टवरचा गंज, गालिच्याखालच्या फोमचा ओलसर वास आणि वायरच्या जोडण्यांत तांब्यावर आलेला हिरवा थर, या खुणा अत्तराने जात नाहीत. संगणकावर चालणाऱ्या गाडीत पुराचं दुखणं वर्षा-दोन वर्षांनीही डोकं वर काढतं.

दिल्लीहून स्वस्तात येणाऱ्या गाड्यांचंही इथेच सांगायला हवं. राष्ट्रीय हरित लवादाच्या 2015 च्या आदेशाने आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरल्याने, राजधानी परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर गदा आली. तेव्हापासून तिथल्या जुन्या गाड्या कमी भावात दुसऱ्या राज्यांत जात आल्या आहेत. कोरड्या हवेमुळे त्यांचा पत्रा अनेकदा किनाऱ्यावरच्या गाड्यांपेक्षा चांगला असतो. उन्हाने रबरी बुश, पाइप आणि डॅशबोर्ड मात्र वाळलेले असतात. ते बदलता येतात, त्यामुळे हा सौदा वाईट नव्हे.

पत्रा पास झाला की मग बोनेट. भेटीची वेळ सकाळची ठरवावी आणि ‘मी येईपर्यंत सुरू करू नका’ असं मालकाला आधीच सांगावं. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवून ते गार आहे याची खात्री करावी. थंड इंजिन खोटं बोलत नाही. सुरू करताना निळा धूर आला तर तेल जळतंय. टर्बोच्या नळीचा जोड सोडून पाहिल्यास आत तेलाचा हलका पातळ थर चालतो, डबकं चालत नाही. आरएसच्या 1.8 टर्बोला आणि रांजणगावात बनलेल्या 145 अश्वशक्तीच्या अबार्थ पुंटोलाही टायमिंगचा पट्टा आहे. तो चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. पट्टा कधी बदलला याचं बिल नसेल, तर तो आणि सोबतचा वॉटर पंप बदलायचा खर्च किमतीतून सरळ वजा करावा. अबार्थच्या बाबतीत एक भर घालावी लागते: फियाटने इथली विक्री थांबवली आहे, तेव्हा सुट्या भागांचा ठिकाणा व्यवहाराआधीच माहीत हवा.

चाकणच्या पोलो जीटी टीएसआयचं नाजूक ठिकाण म्हणजे तिचा सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स. त्यात दोन कोरडे क्लच असतात आणि त्यांना चालवणारा मेकॅट्रॉनिक नावाचा भाग. याच प्रकारच्या गिअरबॉक्समधलं तेल बदलून देण्यासाठी फोक्सवॅगनने 2013 मध्ये जगभरातल्या सुमारे 16 लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. मोकळ्या रस्त्यावर हा गिअरबॉक्स लोण्यासारखा चालतो, म्हणून चाचणी रहदारीत घ्यावी. अर्धा तास रखडत चालवून गरम झाल्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हिसके बसतात का, चढावर रिव्हर्स घेताना गाडी थरथरते का, ते पाहावं.

याच गाड्यांना रीमॅपचा मोह फार. संगणकातली आज्ञावली बदलून ताकद वाढवतात आणि विकताना मूळची परत भरतात. हा गिअरबॉक्स सुमारे 250 न्यूटन-मीटर जोरासाठी बनवलेला, कारखान्यातून गाडी येते 175 घेऊन. मधली जागा कोणी किती वापरली हे ओडोमीटर सांगत नाही. स्कॅनर जोडला तर थोडंफार कळतं. गाडीच्या स्व-तपासण्या ‘अपूर्ण’ दाखवत असतील तर दोषांची नोंद नुकतीच पुसली गेली आहे, किंवा बॅटरी काढली होती. जुन्या दोषांसोबत त्या वेळचे किलोमीटर नोंदलेले असतात. ते मीटरवरच्या आकड्यापेक्षा जास्त निघाले तर मीटर मागे फिरवलेला आहे.

चाचणीची फेरी, ब्रेक आणि सस्पेन्शन यांविषयी पुढच्या आठवड्यात. तोवर कोणी गाडी बघायला निघालंच असेल, तर मालकाला एवढंच विचारावं, की जवळच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवू द्याल का? लिफ्टचं भाडं घेणाऱ्याने द्यावं. भाडं देऊनही मालक तयार नसेल, तर ती गाडी घेऊ नये.