विश्लेषण : माळ्यावरचा जुना व्हॉल्व्ह रेडिओ थेट प्लगला लावणे धोक्याचे का?

मर्फी, बुश, फिलिप्सचे लाकडी खोक्यातले व्हॉल्व्ह रेडिओ अनेक घरांच्या माळ्यावर अजून आहेत. विविध भारती 1957 मध्ये सुरू झाली, तेव्हा रेडिओ असलेल्या घरांत हेच संच होते. आज ते झाडूनपुसून काढले जातात आणि ‘चालतो का बघू’ म्हणून थेट प्लगमध्ये खोचले जातात. दुरुस्त होऊ शकणारा संच कायमचा जळतो तो अनेकदा याच क्षणी.

नेमके बिघडते काय?

दोष व्हॉल्व्हचा असेल असे वाटते, पण व्हॉल्व्ह सहसा टिकतात. खराब होतात ते कंडेन्सर. कागदी कंडेन्सर वर्षानुवर्षांच्या दमटपणाने गळके होतात, तर पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकतात. आउटपुट व्हॉल्व्हकडे जाणारा कंडेन्सर गळका असेल, तर त्या व्हॉल्व्हमधून गरजेपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह वाहतो. मग व्हॉल्व्ह आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर दोन्ही जळू शकतात. कंडेन्सर बदलणे स्वस्त. ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळून घेणे महाग आणि वेळखाऊ.

शॉक कुठून बसतो?

संचात 200 व्होल्टच्या वर डीसी दाब असतो. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये तो काही काळ साठून राहतो. काही संच एसी आणि डीसी अशा दोन्ही विजेवर चालणारे होते, कारण काही भागांत पूर्वी डीसी वीजपुरवठा होता. यात मेन ट्रान्सफॉर्मर नसतो. धातूची चासी विजेच्या एका तारेलाच जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा लागला, की संपूर्ण चासीत करंट येतो. निघालेल्या बटणाचा उघडा स्क्रूही मग जीवघेणा ठरतो.

मोबाइल जोडता येतो का?

ग्रामोफोनसाठी मागे दिलेल्या ‘पिकअप’ सॉकेटला मोबाइल जोडण्याचा मोह होतो. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या संचात तो टाळावाच; तीच वीज तारेतून हातातल्या फोनपर्यंत येऊ शकते. संच कोणत्या प्रकारचा आहे, हे कारागिराकडून आधी तपासून घ्यावे.

दुरुस्ती कशी करावी?

प्रथम मागचे झाकण, कुजलेली वायर आणि व्होल्टेजची खूण पाहावी. जाणकार कारागीर कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आधी बदलतो. मग फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये लावून संच सुरू करतो. बल्ब प्रखर पेटून तसाच राहिला, तर आत शॉर्ट आहे असे समजावे. आवाजाच्या बटणाची खरखर अनेकदा कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग शोधता येतात. बदललेले मूळ भाग परत मागून घ्यावेत.

सुरू झाल्यावर ऐकणार काय?

या संचांवर बहुधा मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्हच लागते, एफएम नाही. आकाशवाणीची काही मीडियम वेव्ह प्रक्षेपणे बंद झाली आहेत, त्यामुळे आपल्या गावात काय लागते ते खर्चाआधी साध्या ट्रान्झिस्टरवर तपासावे. लांब एरियल लावावी. एलईडी दिवे आणि मोबाइल चार्जर बंद केल्यास घरघर बरीच कमी होते. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो. लगेच आवाज आला नाही म्हणून बटणे पिळू नयेत.