जेम्स कार आणि गोल्डवॅक्सच्या तबकड्या

अमेरिकेतील मेम्फिस शहराचे सोल गायक जेम्स कार (1942–2001) यांचे नाव ज्या गाण्यांमुळे राहिले, ती जवळजवळ सगळी 1964 ते 1969 या काळात ध्वनिमुद्रित झाली. ती काढणारी गोल्डवॅक्स ही कंपनी अगदी लहान होती आणि त्या दशकाच्या अखेरीस बंद पडली. पुढे कित्येक वर्षे ही गाणी जुन्या तबकड्या धुंडाळणाऱ्या संग्राहकांच्या कपाटांत राहिली. त्यांतले एक गाणे मात्र इतर गायकांच्या तोंडून दूरवर पोचले; ते आधी कोणी गायले, हे ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना ठाऊक नव्हते.

कार यांचा जन्म मिसिसिपी राज्यातील कोअहोमा काउंटीत झाला. हा कापूस पिकवणारा, ब्लूज गायकांसाठी प्रसिद्ध असलेला प्रदेश. वडील बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. कार लहान असतानाच कुटुंब मेम्फिसला आले आणि तिथे कार चर्चमध्ये व गॉस्पेल गाणाऱ्या मेळ्यांत गाऊ लागले. सोल संगीताचे मूळ याच गायनात आहे. चर्चमधली आर्जवी, हाक मारल्यासारखी गायकी आणि रिदम अँड ब्लूजचा ठेका यांचा मेळ घालून 1950 आणि 1960 च्या दशकांत कृष्णवर्णीय गायकांनी हा प्रकार घडवला. देवापुढची आर्तता त्यात प्रेमिकेसाठी आली. मेम्फिसमध्ये या संगीताचे मोठे घर म्हणजे स्टॅक्स कंपनी. गायक ओटिस रेडिंग याच कंपनीचे. गोल्डवॅक्स तिच्या सावलीत उभी राहिली.

1964 मध्ये सुरू झालेल्या गोल्डवॅक्सचे दोन भागीदार होते. क्विंटन क्लॉन्च कंट्री संगीतातले वादक होते आणि पोटापाण्यासाठी हार्डवेअरच्या मालाची विक्री करत. ‘डॉक’ रसेल औषधविक्रेते होते. कार यांना त्यांच्यापर्यंत आणले रूझवेल्ट जेमिसन यांनी. जेमिसन रक्तपेढीत काम करत, फावल्या वेळात गाणी लिहीत आणि होतकरू गायकांना पुढे आणत. क्लॉन्च यांनी सांगितलेली हकीकत अशी : एका मध्यरात्री दार वाजले, बाहेर जेमिसन, कार आणि ओ. व्ही. राइट हे दुसरे गायक उभे होते, सोबत टेपरेकॉर्डर होता. बैठकीच्या खोलीत जमिनीवर बसून ती टेप ऐकली गेली आणि दोघेही गायक गोल्डवॅक्सकडे आले. राइट यांच्यावर आधीच्या कंपनीने कराराचा हक्क सांगितल्याने ते लवकरच गेले, कार राहिले.

पहिल्या काही तबकड्यांची फारशी दखल घेतली गेली नाही. 1966 मध्ये ‘यूव्ह गॉट माय माइंड मेस्ड अप’ हे गाणे रिदम अँड ब्लूजच्या लोकप्रियता-यादीत सातव्या क्रमांकापर्यंत चढले. ते लिहिणारे ओ. बी. मॅक्लिंटन पुढे कंट्री गायक म्हणून ओळखले गेले. त्याच वर्षीच्या ‘लव्ह अटॅक’ आणि ‘पोअरिंग वॉटर ऑन अ ड्राउनिंग मॅन’ या गाण्यांनी कार यांची गायकी ठळक केली. आवाज खर्जाकडे झुकणारा, भरदार. सुरुवात बोलल्यासारखी, हळू. कडव्याकडव्याने ताण वाढत जातो, पण गळा पूर्ण मोकळा सोडण्याचा मोह ते शेवटापर्यंत टाळतात. ओटिस रेडिंग शब्द तोडून, पुन्हापुन्हा उच्चारून उत्कटता उभी करत; कार एकाच लांबवलेल्या सुरात ती साठवत. या संथ, व्याकूळ धाटणीच्या गाण्यांना पुढे ‘डीप सोल’ हे नाव मिळाले. ते रुजवण्यात डेव्ह गॉडिन या ब्रिटिश संगीतपत्रकाराचा मोठा वाटा होता.

‘द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट’ हे कार यांचे सर्वांत महत्त्वाचे गाणे. डॅन पेन आणि चिप्स मोमन या गीतकारांनी ते नॅशव्हिलमधील रेडिओ निवेदकांच्या संमेलनात, पत्त्यांचा डाव थांबवून, अर्ध्याएक तासात लिहिल्याचे सांगितले जाते. लिहायला त्यांनी क्लॉन्च यांची हॉटेलातली खोली मागितली. गाणे कार यांना द्यायचे, या अटीवर ती मिळाली. विषय चोरट्या प्रेमाचा : दोघे अंधारात भेटतात आणि एक दिवस उघडे पडणार, हे त्यांना माहीत असते. ध्वनिमुद्रण मेम्फिसच्या रॉयल स्टुडिओत झाले. मागे मोजकीच वाद्ये आहेत. कार यांच्या गाण्यात बढाई नाही आणि समर्थनही नाही. अपराधाची जाणीव आणि ओढ एकाच सुरात राहतात.

1967 मध्ये हे गाणे रिदम अँड ब्लूजच्या यादीत दहावे आले, पण सर्वसाधारण पॉप यादीत 77 व्या क्रमांकावरच अडले. दोन याद्यांतले हे अंतर बाजारातल्या दरीचे होते. कृष्णवर्णीयांच्या रेडिओ केंद्रांवर वाजणारी तबकडी गोऱ्या श्रोत्यांपर्यंत नेण्यासाठी पैसा आणि माणसे लागत. गोल्डवॅक्सचे वितरण न्यूयॉर्कची बेल कंपनी करत असली, तरी गोल्डवॅक्सची स्वतःची ताकद तुटपुंजी होती. गाणे मात्र पसरत गेले. पर्सी स्लेज आणि अरीथा फ्रँकलिन यांनी ते गायले, फ्लाइंग बरीटो ब्रदर्स या कंट्री-रॉक वाद्यवृंदाने ते आपलेसे केले आणि 1991 च्या ‘द कमिटमेंट्स’ या चित्रपटातून ते नव्या पिढीला भेटले.

अमेरिकेच्या दक्षिणेत वर्णभेद तीव्र असताना ही गाणी गोऱ्या आणि काळ्या कलावंतांनी मिळून केली, हेही त्यांचे वैशिष्ट्य आहे. पेन आणि मोमन गोरे, मॅक्लिंटन आणि जेमिसन काळे. कार यांनी नॅशव्हिलचे गीतकार हार्लन हॉवर्ड यांचे ‘लाइफ टर्न्ड हर दॅट वे’ गायले, तसेच बी जीज यांचे ‘टू लव्ह समबडी’ही. कंट्री गीतातली सरळ कहाणी आणि चर्चमधला सूर त्यांच्या गळ्यात सहज एकत्र आले.

या काळातच कार यांचे मानसिक आजारपण बळावत होते. ते दीर्घकाळ गप्प होत, स्टुडिओत नुसते बसून राहत. गावोगावचे दौरे हेच त्या काळी तबकड्या खपवण्याचे मुख्य साधन होते. ते त्यांना झेपेनासे झाले. गोल्डवॅक्स बंद पडल्यावर 1971 मध्ये अटलांटिक कंपनीने त्यांची एक तबकडी काढली, पण तिला यश आले नाही. 1979 च्या जपान दौऱ्यात औषधांचा डोस जास्त झाल्याने एका कार्यक्रमात ते रंगमंचावर निश्चल उभे राहिले.

कार यांना दुसरे आयुष्य मिळाले ते अमेरिकेबाहेरच्या रसिकांमुळे. गोल्डवॅक्सची गाणी जपानमध्ये पुन्हा निघाली. 1986 मध्ये पीटर गुराल्निक यांच्या ‘स्वीट सोल म्युझिक’ या पुस्तकाने दक्षिणी सोलचा इतिहास मांडताना कार यांची हकीकत सांगितली. क्लॉन्च यांनीच 1990 च्या दशकाच्या प्रारंभी त्यांना पुन्हा स्टुडिओत आणले. ‘टेक मी टू द लिमिट’ आणि ‘सोल सर्व्हायव्हर’ हे अल्बम निघाले. आवाज खरखरीत झाला होता, पण सूर लांबवण्याची जुनी ढब ओळखू येत होती.

7 जानेवारी 2001 रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने कार यांचे मेम्फिसमध्ये निधन झाले. त्याच वर्षी इंग्लंडच्या केंट कंपनीने गोल्डवॅक्सवरील त्यांच्या सर्व एकेरी तबकड्या, दोन्ही बाजूंसह, एका सीडीत काढल्या. 1960 च्या दशकातले त्यांचे दोन अल्बमही तिने नंतर पुन्हा उपलब्ध केले. त्यामुळे एका प्रसिद्ध गाण्याच्या आगेमागे असलेली, फारशी न वाजलेली गाणीही आता क्रमाने ऐकता येतात.