गाठीचा पोत मोजताना

१९७३ साली रॉबर्ट हॅरालिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी संगणकाला तीन प्रकारची चित्रे दिली: सूक्ष्मदर्शकाखालचे वालुकाश्म, विमानातून टिपलेली जमीन आणि उपग्रहाने पाठवलेला कॅलिफोर्नियाचा किनारा. रवाळ काय, गुळगुळीत काय, हे डोळ्याला चटकन कळते. यंत्राला कसे कळावे? त्यांनी शेजारशेजारच्या ठिपक्यांच्या जोड्या मोजल्या. गडद ठिपक्याशेजारी गडद किती वेळा येतो, फिकट किती वेळा? त्यातून पोताची १४ मापे निघाली. दगडावर पारखलेल्या याच मापांनी आज कर्करोगाच्या गाठी मोजल्या जातात.

सीटी स्कॅन अशा मोजणीला फार सोयीचा. त्यातल्या प्रत्येक ठिपक्यामागे एक आकडा असतो: पाण्याला शून्य, हवेला उणे हजार. रेडिओलॉजिस्ट रिपोर्टमध्ये ‘कडा अनियमित’ असे लिहितो. अनियमित म्हणजे नेमकी किती, हे विचारणारी शाखा म्हणजे रेडिओमिक्स. स्कॅनच्या प्रत्येक छेदावर गाठीची हद्द आखायची आणि तिच्या आकाराची, घनतेची, पोताची शेकडो मापे संगणकाकडून काढून घ्यायची. यामागचा मोह समजण्यासारखा आहे. बायॉप्सीची सुई गाठीचा जेमतेम एक तुकडा बाहेर काढते, आणि एकाच गाठीच्या दोन टोकांना पेशींची तऱ्हा वेगळी असू शकते. स्कॅनमध्ये सगळी गाठ सापडते.

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या फिलिप लांबिन यांच्या गटाने २०१२ मध्ये हा विचार मांडला. दोन वर्षांनी ह्यूगो आर्ट्स आणि सहकाऱ्यांनी फुप्फुस व डोके-मान यांच्या कर्करोगाच्या १,०१९ रुग्णांचे स्कॅन ४४० मापांनी तपासले. त्यांतली चार मापे एकत्र केली, तर रुग्ण किती काळ जगेल याचा अंदाज बांधता येतो, असे दिसले. साहजिकच गाजावाजा झाला.

मग २०१९ मध्ये टोरंटोच्या संशोधकांनी एक खोडकर प्रयोग केला. गाठीच्या आतले ठिपके त्यांनी वाटेल तसे उलटसुलट केले. पोत पार पुसला गेला, तरी भाकीत जवळपास तसेच राहिले! कारण त्या चार मापांतले एक होते सगळ्या ठिपक्यांच्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज. गाठ मोठी, तर ठिपके जास्त आणि बेरीजही मोठी. म्हणजे पोताच्या नावाखाली बहुतांशी घनफळच मोजले जात होते. मोठी गाठ जास्त घातक, हे सांगायला एवढा खटाटोप कशाला?

माझ्या मते या शाखेतला सर्वांत मोलाचा प्रयोग हाच. बाकीच्या अडचणी त्यामानाने रुक्ष, पण चिवट. छेदाची जाडी बदलली की मापे बदलतात, यंत्र बदलले की बदलतात, हद्द दुसऱ्या डॉक्टरने आखली तरी बदलतात. मापे शेकडो आणि रुग्ण थोडे असले, तर निव्वळ योगायोगानेही काहीतरी जुळून येते. मापांच्या व्याख्यांवर तरी एकमत व्हावे म्हणून एका आंतरराष्ट्रीय गटाने २०२० मध्ये १६९ मापे प्रमाणित केली. निदानावर शिक्कामोर्तब मात्र बहुतेक वेळा सुईने काढलेला तुकडा तपासणारा पॅथॉलॉजिस्टच करतो.

सुईवाचून निदानाची खरी निकड आहे ती मेंदूच्या गाठींना, कारण तिथे तुकडा काढायचा तर कवटीला छिद्र पाडावे लागते. पण मेंदूसाठी मुख्यतः एमआरआय वापरतात, आणि एमआरआयच्या आकड्यांना सीटीसारखी ठरलेली मोजपट्टीच नाही. तीच गाठ दोन यंत्रांवर दोन वेगळे आकडे दाखवते.